आत्याबाईंचा हुंकारा

आमच्या गावच्या वाचनालयानं लेखकांना बोलावून वाचनाची संध्याकाळ करायचं ठरवलं, तेव्हा पहिली बैठक फेट्यांवरच संपली. कुठल्या रंगाचे आणायचे, बांधायला कुणाला बोलवायचं, पाहुण्यांना आधी चहा की आधी फेटा. कोण काय वाचणार यावर कुणी चकार शब्द काढला नाही. त्या बैठकीत मी एकटीच बाई. ‘आणि बाईंचं काय?’ असं शेवटी कुणाला तरी सुचलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ‘बाईस्नी खण-नारळ. बाई काय, आपल्याच हायत की.’ आपलं असण्याचे तोटे मला सासरी आल्यापासून पाठ आहेत, त्यामुळं मी काही बोलले नाही. म्हणजे तिथं बोलले नाही. घरी येऊन आमच्या ह्यांना तासभर ऐकवलं.

कुंडलपासून थोडं आत, चहूबाजूंनी उसानं वेढलेलं आमचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवत होते, आता निवृत्त झाले. दिवाळी अंकांत अधूनमधून माझी गोष्ट येते. ती गावात फारसं कुणी वाचत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. वाचली असती तर काहींनी बोलणं टाकलं असतं. गावात माझी ओळख म्हणजे सुभेदारांच्या मंडळी. हे फौजेत सुभेदार होते, मामंजी म्हणजे माझे सासरे हवालदार होते. आमच्या आळीत ज्या घराच्या भिंतीवर वर्दीतला फोटो नाही, त्या घरच्या सोयरिकीला दोन प्रश्न जास्त विचारले जातात.

आमच्या भिंतीवर माझ्या धाकट्या दिरांचा फोटो नाही. ते भरती झाले होते. पेढे वाटले, वेशीपर्यंत हलगी लावून नेलं. आणि काही महिन्यांतच ट्रेनिंगमधून पळून एका भर दुपारी दारात येऊन उभे राहिले. माझं लग्न नुकतंच झालेलं, हे तेव्हा तिकडं सीमेवर. भाऊजी एवढंच म्हणाले, ‘मला न्हाई जमत.’ मामंजी सोप्यात बसले होते. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. ‘ह्यो आत आला तर मी भायेर जाईन,’ म्हणाले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी माझ्याकडून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा मागून घेतला आणि लेकाला उंबऱ्याच्या बाहेरच पाणी दिलं. मी स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळानं दार लागल्याचा आणि कडी घातल्याचा आवाज आला. त्या दिवसानंतर मामंजींच्या आणि आत्याबाईंच्या तोंडून भाऊजींचं नाव निघालं नाही.

भाऊजी आटपाडीकडच्या एका मित्राबरोबर कोइमतूरला गेले. आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायची दुकानं घालून देशभर पसरलेली आहेत. त्यातल्याच एका गलाईच्या दुकानात ते लागले, पुढं स्वतःचं दुकान काढलं, संसार थाटला. पळून आल्याचं जे कागदोपत्री लचांड होतं ते मागाहून ह्यांनी निस्तरलं. सणासुदीला भाऊजींचा फोन येतो. हे बोलतात, मी बोलते. फोन आला की आत्याबाई उठून म्हशीकडं जातात. मामंजी गेले तेव्हा भाऊजी दहाव्याला नदीवर आले आणि पिंडाला कावळा शिवल्यावर तिथूनच परत फिरले. घराच्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नाही, आणि ‘चल’ असं आत्याबाईही म्हणाल्या नाहीत. मला त्या बाईचा इतका राग आला होता त्या दिवशी. आईच्या जातीला इतकं दगड होता येतं का, असं मी ह्यांना विचारलं.

त्या दुपारची मी गोष्ट लिहिली. छापायला कुठं दिली नाही, घरात कुणाला दाखवली नाही. तिच्यात कुणाचं नाव नव्हतं, पण आमच्या गावाला नाव कशाला लागतं? दारात पोरगा आणि हातात तांब्या एवढं आलं की सगळ्यांना घर कळणार. वाचनाच्या दिवशी मी पर्समध्ये दोन गोष्टी ठेवल्या. एक शाळेची खिचडी पळवणाऱ्या माकडाची, हमखास हसवणारी. दुसरी ही. माकडाची वाचली तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. दुसरी वाचली आणि आत्याबाईंच्या वर्मी लागली, तर या वयात मी त्यांना साऱ्या गावासमोर उघडं पाडलं असं झालं असतं. आणि नाही वाचली तर येणारी दिवाळीसुद्धा आमची फोनवरच जाणार होती.

आत्याबाई येणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्यांचे गुडघे दुखतात. पण दुपारीच त्या न्हाऊन, इरकली नेसून कट्ट्यावर बसल्या.

‘आत्याबाई, तिथं लय वेळ बसावं लागतंय,’ मी म्हटलं.

‘गोष्टी सांगणार हायत न्हवं?’

‘सांगणार नाहीत, वाचणार आहेत.’

‘त्येच की. कानाला काय कळतंय, बघून सांगितली का न बघता?’

ह्यांनी त्यांना गाडीवरून नेऊन पहिल्या रांगेत, सोफ्यावर बसवलं. तो सोफा आमदारांसाठी ठेवला होता. आमदार आलेच नाहीत, म्हणून निभावलं.

कार्यक्रम कारखान्याच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होता. गळीत हंगाम जोरात चाललेला. उसानं भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक जायचे आणि प्रत्येकाला एवढाले स्पीकर. ट्रॅक्टर आला की वाचणाऱ्यानं थांबायचं, तो पुढं गेला की सुरू करायचं, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. फेटे बांधण्यात चांगला वेळ गेला. साताऱ्याच्या कवींचं डोकं लहान, त्यांचा फेटा दोनदा भुवयांवर उतरला. पुण्याहून आलेले कथाकार मोठे माणूस. त्यांना फेट्याची सवय असावी, ते मान ताठ ठेवून शांत बसले. आटपाडीचा एक तरुण लेखक होता, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्यानं फेटा बांधून घेतला आणि वाचायला उभा राहताना काढून खुर्चीवर ठेवला. मला तो तिथंच आवडला. मी मांडीवर खण-नारळ घेऊन बसले होते.

कविता झाल्या. टाळ्या झाल्या. मग आटपाडीचा लेखक उभा राहिला आणि त्यानं पहिलं वाक्य वाचलं, तसा पहिल्या रांगेतून आवाज आला.

‘हं.’

मी डोळेच मिटले. आमच्याकडं गोष्ट सांगायची रीतच अशी आहे. सांगणाऱ्यानं एक वाक्य सांगायचं, ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं. त्याला हुंकारा म्हणतात. हुंकारा थांबला की समजायचं, ऐकणारा झोपला, आता सांगण्यात अर्थ नाही. माझी पोरं ह्याच हुंकाऱ्यावर झोपली. आत्याबाईंना जन्मभर गोष्ट म्हटली की एवढंच ठाऊक. गप्प बसून ऐकणं म्हणजे त्यांच्या लेखी सांगणाऱ्याचा अपमान.

आटपाडीच्या पोराच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यानं वाचायची गती कमी केली, वाक्य संपलं की थांबायचा, आत्याबाईंकडं बघायचा. ‘हं,’ म्हणायच्या त्या. मेंढरं आडरानात अडकली तिथं ‘आगं बाई, मग?’ असंही झालं. लोक हसले, तोही हसला. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांना धीर आला आणि त्यांनीही हुंकारा धरला. छान रंगलं ते.

मग पुण्याचे कथाकार उठले. त्यांची गोष्ट एका बाईची होती, नवरा गेल्यावर घर विकायला काढणाऱ्या. त्यांची वाक्यं लांब, आणि मध्ये मध्ये मुद्दाम थांबायची त्यांची पद्धत. ते थांबले की आत्याबाईंना वाटायचं वाक्य संपलं. ‘हं.’ ते पुन्हा सुरू करायचे. ‘हं. मग?’ एकदा त्यांची ओळ चुकली, एकदा पान उलटायचं राहिलं. त्यांच्या कपाळाला घाम आलेला मला दिसत होता. त्यांचाही दोष नव्हता. ज्यानं आयुष्यभर शांत सभागृहात वाचलं, त्याला वाटणारच की ही आजी आपली टिंगल करतेय. त्यांनी अध्यक्षांकडं नुसतं बघितलं. अध्यक्ष ताडकन उठले, माईकवर आले आणि म्हणाले, ‘पुढं बसलेल्या माताभगिनींनी कृपया शांतता राखावी.’

आत्याबाईंनी इकडंतिकडं बघितलं. कुणाला म्हणतायत ते त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि मान खाली घातली. पुण्याच्या लेखकांनी उरलेली गोष्ट निर्विघ्न वाचली. मी तिचा एक शब्द ऐकला नाही. ज्या बाईवर मी इतकी वर्षं मनात रागावले होते, तिला दुसऱ्या कुणी गप्प बसवलेलं मला सोसलं नाही, हे माझं मलाच नवल वाटलं.

माझं नाव पुकारलं. मी नारळ खुर्चीवर ठेवला आणि माईकसमोर उभी राहिले. ‘आत्याबाई,’ मी म्हटलं, ‘मला तुमच्या हुंकाऱ्याबिगर वाचता येत न्हाई. तुमी द्या.’ अध्यक्षांनी घसा खाकरला. आत्याबाईंनी पदर थोडा खाली घेतला.

पर्समधून माकडाची गोष्ट काढली होती. तिची पहिली ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. पण आत्याबाई पुढं सरकून बसल्या होत्या, हात गुडघ्यावर, सगळा जीव कानांत आणून. त्यांच्या त्या ऐकण्याला माकडाची गोष्ट फार हलकी वाटायला लागली. आणि मला हेही कळत होतं की आज नाही तर मी त्या दुपारची गोष्ट कधीच वाचणार नाही. मी माकडाची परत ठेवली आणि दुसरी काढली.

‘दुपारची वेळ होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.’

‘हं,’ आत्याबाई म्हणाल्या.

‘घरात सासू आणि सून दोघी शेंगा फोडत होत्या.’

‘हं.’

‘दारात सावली पडली. बघितलं तर धाकटा लेक उभा होता.’

हुंकारा आला नाही. मी थांबले. मागून एका म्हातारीचा अर्धा हुंकारा आला आणि तोही विरला. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खुर्ची सरकवली. सगळ्यांना घर कळलं होतं. मी पुढं वाचत राहिले, कारण आता मागं फिरायला जागा नव्हती. तांब्या आला, गूळ आला. ‘आईनं लेकाकडं पाठ फिरवली. आईनं दार...’ इथवर आले आणि रस्त्यावर ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर स्पीकरवर लग्नातलं गाणं. मी ते अर्धं वाक्य तोंडात धरून उभी. आत्याबाई माझ्याकडं बघतायत, मी त्यांच्याकडं बघतेय आणि बाहेर ते गाणं चाललंय. गाणं लांब गेलं तेव्हा मी म्हटलं, ‘आईनं दार लावलं आणि कडी घातली.’ गोष्ट तिथंच संपत होती. टाळ्या कमी झाल्या. हे मागच्या रांगेत होते, त्यांनी वाजवल्या नाहीत.

जेवणाला मसालेभात आणि जिलबी होती. माझ्याशी कुणी गोष्टीचं बोललं नाही. भात चांगला झालाय, एवढंच जो तो सांगत होता. तेवढ्यात पुण्याचे लेखक ताट घेऊन आत्याबाईंपाशी आले. आटपाडीच्या पोरानं त्यांना हुंकाऱ्याचं सांगितलं असणार. ते अगदी ओशाळले होते. ‘आजी, माझी चूक झाली,’ म्हणाले.

‘आवं, चूक कसली? पर त्या बाईनं घर इकलं का न्हाई? हुंकारा बंद झाल्याव मला काय कळंना झालं.’

मग तो मोठा माणूस खाली सतरंजीवर बसला आणि त्यानं घर विकणाऱ्या बाईची गोष्ट आत्याबाईंना पुन्हा सांगितली, या वेळी लहान लहान वाक्यांत. आत्याबाई जिलबी खात हुंकारा देत होत्या. दोघंही रंगात आले होते. लांबून बघताना मला बरं वाटलं आणि माझं काळीजही कुरतडलं. पुण्याच्या माणसाला हुंकारा होता. मला नव्हता.

घरी आलो. आत्याबाईंनी गुडघ्याला तेल लावलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. हे एवढंच म्हणाले, ‘वाचायच्या आधी मला तरी सांगायचं.’ ते भांडले असते तर बरं झालं असतं.

सकाळी धारा काढून झाल्या. मी चुलीपुढं चहा गाळत होते. आत्याबाई आत आल्या, पाट ओढून बसल्या.

‘कालची गोष्ट लिवलीयास त्यो कागद कुठं हाय?’

‘आत्याबाई, चुकलं असंल तर...’

‘हुंकारा दिला न्हाई म्हून रुसलीस व्हय?’ त्या म्हणाल्या. ‘हुंकारा गोष्टीला द्यायचा असतुया, पोरी. घडल्यालं कुणी सांगाय लागलं तर गप ऐकत्यात.’

मी चहाची कपबशी त्यांच्यापुढं ठेवली.

‘पर त्यात एक चुकलंय,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘दार मी लावलं न्हाई. दार तुज्या सासऱ्यानं लावलं. मी तवा घरात न्हवतेच. तांब्या ठिवला आन् भायेरनंच, घराच्या कडंनं उसात शिरले. त्यो सडकंनं चाललाय, मी उसातनं चाललीया. पानं काय, अंग चिरून निघालं. पार यष्टीच्या थांब्यापतुर गेले. यष्टी हालूस्तवर उसात हुबी हुते.’

मी स्वयंपाकघरातून नुसता कडीचा आवाज ऐकला होता आणि त्यावर सगळी गोष्ट रचली होती. हे कधी दारात येऊन उभे राहिले होते ते मला कळलं नव्हतं. त्यांनीही हे सगळं जन्मात पहिल्यांदा ऐकलं असणार. त्यांनी खिशातला फोन काढला आणि माझ्यापुढं धरला.

‘लाव त्येला,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘आन् वाचून दाव. पर दाराचं नीट करून वाच.’

भाऊजी दुकानात होते. भट्टीच्या पंख्याचा घरघर आवाज येत होता. सकाळी सकाळी आमचा फोन म्हटल्यावर ते घाबरले. ‘वहिनी, आये बरी हाय न्हवं?’ मी म्हटलं, बरी आहे, समोर बसलीय, तुम्ही फक्त ऐका. मी फोन स्पीकरवर टाकला आणि वाचायला लागले. दुपारची वेळ होती इथपासून. पंख्याचा आवाज मध्येच बंद झाला. त्यांनी भट्टी बंद केली असावी. दाराच्या ओळीपाशी आले आणि मला पुढचं वाक्य काही केल्या सुचेना. आत्याबाई जे बोलल्या होत्या ते लिहिलेलं नव्हतं आणि ते सांगायचा हक्क माझा नव्हता. मी फोन त्यांच्याकडं सरकवला.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. ‘मी उसात हुते रं,’ म्हणाल्या. ‘यष्टीपतुर आले हुते तुज्या मागनं.’

मग भाऊजी म्हणाले, ‘मला म्हाईत हाय. खिडकीतनं बघितलं की मी. उसात तांबडं लुगडं दिसत हुतं.’

‘मग उतरला का न्हाईस?’

‘मला वाटलं, तू हाक मारशील.’

हे तिथंच उंबऱ्यावर खाली बसले. पन्नाशी ओलांडलेला माणूस फोनवर आपल्या आईला एवढंच सांगत होता, आणि त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकवत नव्हतं. मला वाटलं, आता आत्याबाई उठून म्हशीकडं जातील. त्या उठल्याच. पण फोन हातात घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी, मागल्या दारातून परसात गेल्या. परसाला लागूनच आमचा ऊस आहे. तिथं उभं राहून त्यांनी पदर खोचला, फोन तोंडापुढं धरला आणि भाऊजींना हाक मारली. घरातल्या नावानं, या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला मारतात तशी, गळ्याच्या शिरा ताणून. म्हैस दचकून उठली. शेजारची बाई पातेलं घेऊन धावत बाहेर आली.

‘आलो, आये,’ फोनमधून आवाज आला. ‘आलो.’